एमआरआयमध्ये मेंदूत 'पांढरे डाग' आलेत. हे वयाचंच असतं का?

तुम्ही लिहिलंय की वडील 67 वर्षांचे आहेत, चालताना तोल जातो म्हणून एमआरआय केला, रिपोर्टात 'वयोमानानुसार व्हाइट मॅटर चेंजेस' आलंय आणि 'वयाचंच आहे' म्हणून घरी पाठवलं. आता काहीच करायचं नाही का?

मी लातुरात फिजिशियन आहे. 'वयाचंच आहे' हे खरं, पण अर्धंच.

मेंदूचा साधारण अर्धा भाग या पांढऱ्या द्रव्याचा, म्हणजे व्हाइट मॅटरचा, असतो. म्हणजे मेंदूच्या निरनिराळ्या भागांना जोडणारे तंतू आणि त्यांच्यावरचं मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टन. या वेष्टनामुळे संदेश झपाट्यानं जातो. वयाबरोबर ते विरतं, तंतूही कमी होतात. डेन्मार्कमध्ये मृत व्यक्तींच्या मेंदूतल्या अशा तंतूंची एकूण लांबी काढली होती (2003): विसाव्या वर्षी पुरुषात सुमारे 1,76,000 किलोमीटर, ऐंशीव्या वर्षी सुमारे 97,000. कपाळामागची जोडणी सगळ्यात उशिरा पक्की होते आणि झिजायला लागते मात्र आधी. म्हणून कित्येक म्हाताऱ्यांना गोष्ट माहीत असते, फक्त ओठांवर यायला वेळ लागतो.

एमआरआयवरचे डाग ही मात्र बहुतेकदा रक्तवाहिन्यांची भानगड. पांढऱ्या द्रव्याला रक्त नेणाऱ्या नसा लांब, बारीक, आणि एक बंद पडली तर दुसरीकडून रक्त येईल अशी सोय फारशी नाही. जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्यावर टेलला, म्हणजे पाणी पोचता पोचत नाही अशा शेवटच्या टोकाला, ज्यांची शेतं आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. वर्षानुवर्षं वाढलेल्या बीपीनं या नसांच्या भिंती जाड आणि ताठ होतात; शुगर आणि तंबाखू त्यात भर घालतात.

थोडे डाग जवळपास सगळ्यांनाच असतात. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या पाहणीत 60 ते 90 वयाच्या शंभरातल्या जेमतेम पाच जणांचा मेंदू पूर्ण स्वच्छ निघाला. प्रश्न किती आहेत हा. रिपोर्टात 'फॅझेकस' असा शब्द शोधा; डाग किती आहेत याची ती 0 ते 3 अशी श्रेणी. तिथे 1 असेल तर या वयात त्याचं फार मनावर घेऊ नका, आणि तोल जाण्याचं कारण दुसरीकडे शोधा. 3 असेल, पावलं आखूड पडत असतील, लघवीला घाई होत असेल, माणूस गप्प-गप्प झाला असेल, तर न्यूरोलॉजिस्टला दाखवा.

आलेले डाग घालवणारी गोळी नाही. नवे डाग कमी पडावेत म्हणून करण्यासारखं मात्र आहे, आणि त्यात पहिलं बीपी. अमेरिकेतल्या 'स्प्रिंट' अभ्यासात (2019) वरचं बीपी 140 ऐवजी 120 च्या खाली ठेवायचं ठरवलेल्या गटात हे डाग कमी वाढले. पण शुगरवाले आणि आधी लकवा होऊन गेलेले त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. शिवाय तोल जाणाऱ्या माणसाचं बीपी उभं राहिल्यावर घसरत असेल तर डोस वाढवून तो पडायचा. म्हणून किती खाली आणायचं ते तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. आमच्याकडे अडतं ते याच्याही आधी: 'आता बरं वाटतंय' म्हणून पेशंट गोळी परस्पर बंद करतो, आणि पोळ्यानंतर ताकदीची सलाईन लावायला येतो. या डागांवर त्या सलाईनचा काडीचा उपयोग नाही.

वडील माळकरी, म्हणजे मांस-मासे न खाणारे, आहेत का? किंवा शुगरची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं चालू आहे का? तर व्हिटॅमिन बी-12 तपासून घ्या. ते कमी असलं तरी तोल जातो, तळपायाला मुंग्या येतात. अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की जास्त. हे इंजेक्शननं सुधारू शकतं, पण फार उशीर केला तर पूर्ण भरून येत नाही.

पुढच्या वेळी जाताना आठवडाभराचं बीपी वहीत लिहून न्या: एकदा बसून, मग उभं राहिल्यावर दोन-तीन मिनिटांनी. आणि तोंड वाकडं, हात लुळा किंवा बोबडी असं अचानक झालं तर वही राहू द्या, लगेच सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात पोचा; गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरू व्हायला साधारण साडेचार तासच मिळतात.