1930 च्या आसपासचा, बॉक्सर नायक असलेला एखादा प्रेमपट सुचवाल का? आज बघवेल असा?

‘द प्राइजफायटर अँड द लेडी’ बघा. हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओचा, 1933 चा.

प्रेमकथा म्हणाल तर बेताचीच. दारूत बुडालेल्या मॅनेजरला बारमध्ये एक दांडगट पोरगा सापडतो, तो त्याला रिंगमध्ये उतरवतो. पोराचं एका गुंडाच्या गायिका मैत्रिणीवर मन जडतं, लग्न होतं, आणि मग यश डोक्यात जाऊन साहेबांची नजर इकडेतिकडे फिरायला लागते. गायिका झालेली मर्ना लॉय या सगळ्याला सुंदर तोलून धरते. मला मात्र सगळ्यात आवडला तो गुंड. ऑटो क्रूगरने असा सभ्य प्रेमभंग रंगवलाय की नायकाचाच राग यावा. मध्ये नायक पोरींच्या घोळक्यात नाचतो, गातोसुद्धा. तेवढं हसून घ्या.

पण हा नायक नट नाहीच. मॅक्स बेअर खराखुरा हेवीवेट बॉक्सर. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने न्यूयॉर्कला जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला दहाव्या फेरीत लोळवलं होतं. आणि चित्रपटात शेवटी त्याच्यासमोर उभा राहतो तो इटलीचा प्रिमो कार्नेरा, तेव्हाचा खरा जगज्जेता, स्वतःच्याच भूमिकेत. पंच कोण, तर माजी जगज्जेता जॅक डेम्प्सी! (पंच म्हणजे रेफरी, ठोसे डेम्प्सीचे थांबून तेव्हा बरीच वर्षं झाली होती.)

आता पुढे शेवट फुटतोय, नको असेल तर हा परिच्छेद सोडा. असं सांगतात की पडद्यावरसुद्धा हरायला कार्नेरा तयार होईना. नायक हरून तर चालणार नाही. मग पटकथाच बदलली आणि लढत बरोबरीत सोडवली. आपल्याकडे नुरा कुस्तीत पैलवान आधी ठरवून पडतात. इथे पडायलाच कोणी तयार नाही.

खरी गंमत पुढची. चित्रपट आला नोव्हेंबरमध्ये, आणि 14 जून 1934 ला हेच दोघे जगज्जेतेपदासाठी खरोखर भिडले. कार्नेरा बेअरपेक्षा जवळजवळ 25 किलोंनी जड, तरी दहा-बारा वेळा खाली गेला आणि अकराव्या फेरीत लढत थांबवावी लागली. शूटिंगच्या दिवसांतच बेअरने त्याला पुरता जोखला होता, असं म्हणतात. म्हणून शेवटच्या लढतीत कार्नेराकडे कमी आणि बेअरच्या डोळ्यांकडे जास्त बघा.

नाझी जर्मनीने 1934 मध्ये या चित्रपटावर बंदी घातली, कारण नायक ज्यू. बेअरचे वडील ज्यू वंशाचे होते, आणि श्मेलिंगशी लढताना त्याच्या चड्डीवर डेव्हिडचा तारा, म्हणजे ज्यूंचं चिन्ह, शिवलेला होता.

घाई असेल तर मधलं नाचगाणं पळवा. वॉल्टर ह्यूस्टनचा दारुडा मॅनेजर मात्र पळवू नका.