रिपीटर राहू दे, ती एफडी दाखवा

कासारवडवलीच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४३, हॅम म्हणजे हौशी रेडिओचा परवाना आहे, पत्नी घर सांभाळते, मुलगी सातवीत. कुठल्याशा हॉटेलातून निघालेला जुना कमर्शियल व्हीएचएफ रिपीटर (वॉकीटॉकीचा आवाज पकडून पुन्हा लांब पाठवणारं यंत्र) डुप्लेक्सरसकट (एकाच अँटेनावर पाठवणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा डबा) ६० हजारांना मिळतोय. तो सोसायटीच्या गच्चीवर बसवायचा, आसपासच्या सिक्युरिटीवाल्यांना भाड्याने वापरायला द्यायचा आणि तीन वर्षांत पैसे वसूल. पुढे लिहितात, "एफडी मोडायला गेलो तर तीन लाखांचे ९० हजारच मिळतील म्हणाले. मग एक लाखाचं पर्सनल लोन काढू का?"

काढू नका. आता त्या एफडीकडे वळू.

साहेब, मुदतीआधी मोडली तर एफडीचं व्याज थोडं कमी मिळतं, मुद्दल जात नाही. तीन लाखांचे ९० हजार होतात ते विमा पॉलिसीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये बँकेतल्या मॅडमनी "एफडीसारखंच, वर विमा फुकट" म्हणून ज्यावर सही घेतली, ती एंडोमेंट पॉलिसी आहे, म्हणजे बचत आणि विमा एकत्र. वर्षाला दीड लाख, दहा वर्षं भरायचे, २०३९ ला २४ लाख. "पैसे दीडपटीहून जास्त" हे तुमचं वाक्य. परतावा काढला तर साडेचार टक्क्यांच्या आसपास येतो. तुमचं गृहकर्ज साडेआठ टक्क्यांचं आहे आणि अजून ३१ लाख बाकी आहे.

आणि विमा किती? १५ लाख. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर निम्मं कर्जही फिटत नाही, मुलीच्या शिक्षणाचं तर सोडाच. हे पत्रात एका ओळीत उरकलंय, डुप्लेक्सरवर मात्र दीड पान आहे!

गेलेले पैसे विसरून फक्त पुढचं बघा. पॉलिसी चालू ठेवली तर आजचे ९० हजार अडकतात, आणखी १२ लाख भरावे लागतात. त्यावर साधारण साडेसहा टक्के पडतात. तेच पैसे कर्जाच्या मुद्दलात घातले तर साडेआठ टक्के वाचतात. म्हणून मी ती बंद करीन. मात्र क्रम चुकवू नका. आधी एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे बचतीशिवायचा निव्वळ विमा. तब्येत ठीक असेल तर वर्षाला वीस-पंचवीस हजार. तो हातात पडला की मगच जुनी पॉलिसी. बंद करण्याआधी सरेंडर (आत्ता मोडली तर काय मिळेल) आणि पेडअप (हप्ते थांबवून तशीच ठेवली तर शेवटी काय मिळेल), दोन्ही आकडे विमा कंपनीकडून लेखी घ्या. बँकेतल्या मॅडमच्या तोंडी आकड्यावर काही करू नका, एकदा केलंत तेवढं पुरे.

आता भाड्याचं. हॅम परवान्यावर पैसे कमावता येत नाहीत, कोणत्याही स्वरूपात नाही. सिक्युरिटीवाल्यांना त्यांची वेगळी फ्रीक्वेन्सी आणि वेगळा परवाना लागतो. शिवाय रिपीटरसाठी दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची स्वतंत्र परवानगी लागते. ती हातात नसताना यंत्र उचलू नका. "वसूल" हा शब्द खोडा. हा छंद आहे, आणि छंदाला खर्च येतो.

तुम्ही पाठवलेल्या फोटोतला डुप्लेक्सर चपटा, छोट्या डब्यांचा आहे. असे डुप्लेक्सर साधारणपणे पाच मेगाहर्ट्झच्या अंतरासाठी असतात. हॅममध्ये दोन मीटर पट्ट्यावर, १४४ ते १४६ मध्ये, पाठवणं आणि ऐकणं यांत ६०० किलोहर्ट्झचंच अंतर असतं. तिथे मोठ्या कॅव्हिटी, म्हणजे फिल्टरचे मोठे धातूचे डबे लागतात, नाहीतर रिपीटर स्वतःच्याच आवाजाने बहिरा होतो. त्या कॅव्हिटी, चांगली केबल, अँटेना, पॉवर सप्लाय आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा अरेस्टर धरा. ६० हजारांचे सव्वा लाख सहज होतात. एवढं करून घोडबंदर रोडच्या गच्चीवरून बोरिवली ऐकू येईल ही आशाही सोडा, मध्ये नॅशनल पार्कचे डोंगर आहेत.

पॉलिसीचे दीड लाख वर्षाला मोकळे होतील. पंचवीस हजार टर्मला, एक लाख कर्जाला, उरलेले पंचवीस रेडिओला. पहिल्या वर्षी फक्त अँटेना आणि केबल घ्या, तुमच्या सध्याच्या सेटलाही ती चालेल. रिपीटरमध्ये चार-पाच हॅम मित्र भागीदार झाले तर पुढच्या वर्षी बघू. घ्याल तेव्हा डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा, शक्ती शोषणारा भार) लावून दहा मिनिटं सलग ट्रान्समिट करून बघा, वॉट खाली घसरले तर हात जोडून परत या.

पॉलिसीचा तिसरा हप्ता फेब्रुवारीत ऑटो डेबिटने जाणार आहे. टर्म प्लॅनची मेडिकल आणि कागदपत्रं यात महिना जाऊ शकतो, तेव्हा प्रपोजल फॉर्म या आठवड्यातच भरा. त्यात सिगारेटबद्दल खरं लिहा.