त्याच बाकावर पुन्हा बस

प्रिय मुला,

तुझ्या पत्रातली यादी मी दोनदा वाचली. स्टोनहेंज, बाथ, विंडरमिअर, स्नोडन, एडिंबरा, डर्डल डोर. ब्रिटनमध्ये दीड वर्षात एवढं बघून झालं, आणि तरी लिहितोस की रविवारी रात्री रेडिंगला परतल्यावर गप्पा मारायला एक माणूस नाही. घरामागे बाग आहे, पण तिचं दार तू नोव्हेंबरपासून उघडलेलं नाहीस. रात्री दोनला बाहेर बाई किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि झोप उडते. आणखी एखादा ट्रिपचा ग्रुप धरू, की सगळं गुंडाळून परत जाऊ, असं विचारतोस.

आधी त्या आवाजाचं सांगते, म्हणजे आज तरी झोपशील. ती कोल्हीण आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्यांचा जोड्या जमण्याचा काळ, आणि जानेवारीत हे ओरडणं सगळ्यात जास्त. इथल्या शहरांत कोल्हे शेडखाली, रेल्वेच्या बांधावर बिनधास्त राहतात. ती तुझ्या अंगावर येणार नाही. मात्र हातानं खायला घालू नकोस. मग ती सगळ्यांच्याच जवळ जायला लागते, आणि शेजारच्या बागेत तिचे लाड होतीलच असं नाही.

आता तुझ्या यादीकडे येते. तिच्यात एकही जागा दोनदा आलेली नाही. माणसांचंही तेच. दर ट्रिपला गाडीत वेगळे चेहरे, पेट्रोलचे पैसे वाटून घेतले की ओळख संपली. नवीन ग्रुप धरलास तर आणखी वेगळे चेहरे मिळतील, एवढंच. तू कुठेही पुन्हा जात नाहीस. त्याच जागी, त्याच वेळी, पुन्हा जा. तुला द्यायला माझ्याकडे एवढीच एक गोष्ट आहे, आणि या पत्रात मी ती इतक्यांदा म्हणणार आहे की तू वैतागशील. वैताग, पण जा.

शुक्रवारच्या पबबद्दल तू लिहिलंयस, ‘मी पीत नाही, मग जाऊन करू काय?’ अरे, लेमोनेड घे, ऑरेंज ज्यूस घे. तुझ्या ग्लासात काय आहे याच्याशी तिथे कुणाला देणंघेणं नसतं. आपली पाळी आल्यावर सगळ्यांसाठी राउंड आणायला तू उठतोस की नाही, हे मात्र सगळे बघतात. पाळी यायच्या आधी कोट चढवून निघालास तर पुढच्या वेळी तुला हाक मारताना लोक जरा विचार करतील. पण खरं सांगू, शुक्रवारचा पब मलाही आवडत नाही. फार गोंगाट, आणि बोलणं सगळं ऑफिसचं. त्यापेक्षा घराजवळ ज्या पबमध्ये दर आठवड्याला क्विझ असते तो शोध. माणशी दोनेक पाउंड घेतात, एका टेबलावर बहुधा सहापर्यंत माणसं चालतात. एखाद्या टीमला माणूस कमी पडतच असतो, काउंटरवर विचार. पहिल्या आठवड्यात तुला कुणी फारसं काही विचारणार नाही. दुसऱ्यातही नाही. इथेच तू नेहमी सोडून देतोस. त्याच वारी, त्याच टेबलावर पुन्हा जा. क्रिकेटचा प्रश्न आला की सगळी टीम तुझ्याकडे वळून बघायला लागली, की समज आता तू न येण्याची चौकशी होईल.

पार्करनचंही असंच, म्हणजे दर शनिवारी पार्कात सगळ्यांनी मिळून धावण्याचं. 2004 मध्ये बुशी पार्कमध्ये 13 जण धावले, तिथून हे सुरू झालं. शनिवारी सकाळी नऊ, 5 किलोमीटर, पैसे नाहीत. एकदा नाव नोंदवून बारकोड घ्यायचा, बस. धावता येत नसेल तर चाल. सगळ्यांच्या मागे टेल वॉकर म्हणून एक स्वयंसेवक चालत असतो, त्यामुळे शेवटचा नंबर तुझा येऊच शकत नाही. आणि खरी ओळख हवी असेल तर महिन्यातून एकदा धावू नकोस, बारकोड स्कॅन करायला उभा राहा. प्रत्येक माणूस तुझ्यासमोर क्षणभर थांबतो. दर शनिवारी नवं पार्क करणारे हौशी असतात, त्यांचं त्यांना लखलाभ. तू एकच पार्क धर.

मंडळाबद्दल तुझी तक्रार आहे की तिथे सगळे आपापल्या घोळक्यात असतात. असतात ना! महाराष्ट्र मंडळ लंडन 1932 पासून आहे, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखणारी घरं आहेत तिथे. तू गणपतीला संध्याकाळी सहाला नटून जाणार, आरती करून जेवणार आणि साडेआठची ट्रेन पकडणार, तर तुला कोण कशाला घोळक्यात घेईल? खुर्च्या लावायच्या दिवशी जा. आवरायला थांब. आणि पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा खुर्च्या लावायला जा.

मला ठाऊक आहे, माझ्याबद्दल काय बोललं जातं. इतकी वर्षं युरोपच्या दारात राहून हिनं धड पॅरिस बघितलं नाही, सुट्टी लागली की त्याच तळ्याकाठी, त्याच बाकावर जाऊन बसते. माझ्या बहिणीनं तर तोंडावर सांगितलं की हा भित्रेपणा आहे. तिला मी तेव्हा जे म्हणाले तेच तुला सांगते. त्या तळ्यावरच्या ग्रेट क्रेस्टेड ग्रीब या पाणपक्ष्यांची जोडी फेब्रुवारीत समोरासमोर येऊन माना हलवते, मग पाण्यातलं गवत चोचीत धरून छातीला छाती भिडवून उभी राहते. हे बघायला फेब्रुवारीतल्या थंडीत पुन्हा पुन्हा जावं लागतं, कारण ते ठरवून होत नाही. त्या थंडीत माझ्या शेजारी जी माणसं उभी होती, तीच नवरा गेल्यावर माझ्या दारात डबे घेऊन उभी राहिली. पॅरिसला जाऊन आलेले फोन करून गेले. मला माझी निवड चुकली असं एकदाही वाटलेलं नाही, आणि आता या वयात कुणी पटवायच्या भानगडीत पडू नये.

एक खंत आहे ती सांगते. मेच्या पहिल्या आठवड्यात इथे स्विफ्ट पक्षी येतात, आफ्रिकेतून. संध्याकाळी छपरांच्या उंचीवरून दहा-बारा जण चिरकत घिरट्या घालतात. ऑगस्ट लागला की गेले. म्हणजे हातात जेमतेम तीन महिने. ही पाखरं जवळजवळ सगळं आयुष्य हवेत काढतात, झोपतातही उडता उडता, पण घरटं करायला वर्षानुवर्षं त्याच घराच्या त्याच फटीत येतात. कुणी मधल्या काळात छप्पर दुरुस्त करून ती फट बुजवली, तर बंद जागेवर येऊन आपटत राहतात. आमच्या समोरच्या घरात अशी एक फट होती. नवऱ्याची नोकरी शिफ्टची, उन्हाळ्याच्या संध्याकाळी तो कधी घरी नसायचा. पुढच्या वर्षी दाखवते, असं म्हणत राहिले. नंतर त्या घराचं छप्पर नवं झालं. 2021 पासून स्विफ्ट इथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. तेव्हा तू या मेमध्ये संध्याकाळी लेक डिस्ट्रिक्टच्या ट्रॅफिकमध्ये बसलेला असशील, तर मला ते कळवूसुद्धा नकोस.

आता तुझी बाग. भाड्याच्या घराची आहे, नोव्हेंबरपासून कुणी बघितलेली नाही, म्हणजे आत्ता तिथे तुझ्या कल्पनेपेक्षा जास्त काही चालू असणार. मागच्या दाराशी एक खुर्ची ठेव. ऑफिसला निघण्याआधी चहा घेऊन दहा मिनिटं तिथे बस. रोज त्याच वेळी. फोन आत. पहिले काही दिवस काहीच दिसणार नाही आणि तुला मी वेडी वाटेन.

बहुधा आधी रॉबिन दिसेल. छाती नारिंगी, पाय काड्यांसारखे. भर थंडीत गाणारा हाच, आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली रात्रीसुद्धा गातो. थंडीत नर आणि मादी वेगवेगळी हद्द राखतात आणि दोघंही गातात, म्हणून रोज तिथेच दिसणारा बहुतेक तोच असतो. खुरप्यानं जरा माती उकर, गांडुळाच्या आशेनं हातभर अंतरावर येऊन उभा राहील. 2015 मध्ये इथल्या लोकांनी मतदान करून त्याला राष्ट्रीय पक्षी निवडला होता, इतका तो सगळ्यांच्या ओळखीचा. मात्र त्याची ही सलगी तुझ्या एका दिवसाच्या बसण्यानं होत नाही.

डोक्यावर दुभंगलेल्या शेपटीचा मोठा तांबूस पक्षी घिरट्या घालताना दिसेल, तो रेड काइट, आपल्या घारीच्या जवळचा. तू रेडिंगला आहेस म्हणून तुझं नशीब. एकोणिसाव्या शतकाअखेर इंग्लंडमधून तो संपला होता, वेल्समध्ये मोजके उरले होते. 1989 ते 1994 या काळात स्पेनहून पिल्लं आणून तुझ्या जवळच्या चिल्टर्नच्या टेकड्यांत सोडली, त्यांची वीण आज तुझ्या छपरावरून जाते. त्याला मांसाचे तुकडे टाकणारे लोक तुझ्या गल्लीत असतीलच. तू टाकू नकोस.

घरमालक म्हणतो कुंपणावरची आयव्हीची वेल पूर्ण काढ. त्याला सांग, फेब्रुवारीअखेरपर्यंत बाजू नीट छाटून देतो, मुळापासून नको. तिची फळं थंडीच्या शेवटी पिकतात, बाकी सगळं संपलेलं असतं तेव्हा ब्लॅकबर्ड आणि कबुतरं त्यावर जगतात. मार्चपासून घरटी सुरू होतात, आणि वापरात असलेलं घरटं मोडणं 1981 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. मालक हट्टी असेल तर कायद्याचं नाव घे, इथे त्यानं काम होतं.

आणि कोपऱ्यातला पानांचा ढीग उपसू नकोस. त्यात हेजहॉग, म्हणजे अंगभर काटे असलेला छोटा प्राणी, थंडीभर झोपलेला असू शकतो, तो मार्चच्या आसपास उठेल. रात्री एकेका हेजहॉगला किलोमीटर-दोन किलोमीटर हिंडावं लागतं आणि दोन घरांमधली सलग लाकडी कुंपणं त्याला अडवतात. खाली 13 सेंटिमीटर लांब-रुंद भोक पुरतं. कुंपण तुझ्या मालकाचं की शेजाऱ्याचं हे आधी विचारावं लागेल. म्हणजे शेजाऱ्याचं दार वाजवावं लागेल! तू लिहिलंस की दीड वर्षात त्यांच्याशी ‘मॉर्निंग’पलीकडे बोलणं झालं नाही, विषयच सुचत नाही. हा घे विषय. इंग्रज माणसाला त्याच्याबद्दल विचारलंस तर तो आक्रसतो, हेजहॉगबद्दल विचारलंस तर आत बोलावतो. नाही म्हणाले तर थँक यू म्हणून परत ये, आणि मार्चमध्ये पुन्हा जा. हेजहॉग दिसला तर दूध ठेवू नकोस, त्यानं त्याचं पोट बिघडतं. पाणी ठेव, आणि मांसाचं कॅटफूड.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी कुठलीही ट्रिप ठरवू नकोस. तेव्हा आरएसपीबी या इथल्या पक्षिसंरक्षण संस्थेची बागेतले पक्षी मोजण्याची मोहीम असते, 1979 पासून चालू आहे. त्या दिवसांतला एक तास निवडायचा आणि बागेत उतरलेले पक्षी मोजायचे. एका वेळी एका जातीचे जास्तीत जास्त जितके दिसले तो आकडा लिहायचा. वरून उडत गेलेले धरायचे नाहीत, त्यामुळे तुझा रेड काइट बाद. बहुतेक चिमण्याच पहिल्या येतात. मागच्या वर्षी त्या शनिवारी तू बाथला होतास. या वर्षी खुर्चीवर बस, पुढच्या वर्षी त्याच खुर्चीवर पुन्हा बस, आणि दोन कागद शेजारी ठेवून मला फोन कर. शेजाऱ्यालाही सांग, बहुधा ते स्वतः मोजतच असतील.

त्यासाठी पक्ष्यांना दाणे ठेवायचा फीडर घेशील, तर एक ऐक. आठवड्यातून एकदा तो धुतलाच पाहिजे. 2005 नंतर इथले ग्रीनफिंच पक्षी घाण फीडरवरून पसरणाऱ्या रोगानं भराभर कमी झाले. एकाच्या लाळेतून दुसऱ्याला लागण होते. फुगून बसलेला, चोचीला दाणे चिकटलेला पक्षी दिसला तर दाणे लगेच बंद कर, पाण्याची थाळीही रिकामी कर आणि काही आठवडे थांब. धुवायला ब्रश वेगळा आण आणि तो शेडमध्ये टांग, सिंकवरचा भांड्यांचा वापरू नकोस. नंतर हात साबणानं धू.

तुझी,
मावशी