वाचक विचारतात: बदामी लिकरमध्ये कॅलरी किती?

प्रश्न: मुलाने येताना विमानतळावरच्या ड्यूटी फ्रीमधून अमारेत्तोची, म्हणजे बदामाच्या स्वादाच्या गोड मद्याची (लिकरची) बाटली आणली आहे. यजमानांना मधुमेह आहे, रोज ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. बदामाची म्हणजे त्यातल्या त्यात पौष्टिक असेल, असं ते म्हणतात. बाटलीवर कॅलरीचा तक्ता नाही.
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर: बदामाचं पोषण त्यात काहीच उतरत नाही. ना प्रथिनं, ना चांगली चरबी, ना चोथा. उतरतो तो वास, आणि तोही बऱ्याचदा जर्दाळूच्या आठळीतल्या बीचा. डिसारोन्नो या प्रसिद्ध ब्रँडमध्ये तर बदाम नसतातच. इतर ब्रँडमध्ये असू शकतात, म्हणून घरात कुणाला बदामाची अ‍ॅलर्जी असेल तर लेबल वाचायलाच हवं.

कॅलरी घरी काढता येतात. अशी लिकर साधारण 28 टक्क्यांची असते. 30 मिलीच्या छोट्या पेगमध्ये अल्कोहोल 8.4 मिली, 1 मिलीचं वजन 0.79 ग्रॅम धरलं तर सुमारे 6.6 ग्रॅम. ग्रॅमला 7 कॅलरी, म्हणजे झाल्या 46. आता साखर. युरोपच्या नियमाप्रमाणे लिकरमध्ये ती लिटरला निदान 100 ग्रॅम लागते. गोड लिकरमध्ये 250 ग्रॅम धरली, तर पेगमागे साडेसात ग्रॅम, म्हणजे आणखी 30 कॅलरी. एकूण 76 च्या आसपास. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या तेवढ्याच पेगमध्ये सुमारे 71 असतात. तेव्हा ‘लिकर सौम्य, म्हणून हलकी’ हा हिशेब फसवा आहे.

घोटाळा होतो तो ओतताना. अंदाजाने ओतलेला पेग सहज 45-50 मिलीचा होतो, त्यामुळे मापाचा पेला घ्या. वर 150 मिली कोला घातला तर साधारण 16 ग्रॅम साखर वाढली. सोडा आणि लिंबू चालेल.

कॅलरीपेक्षा मोठी काळजी गोळीची. अल्कोहोल पचवताना यकृताचं नवी साखर तयार करणं मंदावतं. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर त्यामुळे काही तासांनी, अगदी मध्यरात्रीही, खाली येऊ शकते. घाम, थरथर, बरळणं दिसलं की घरच्यांना वाटतं चढली आहे, आणि तिथेच उशीर होतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. उपाशीपोटी तर नाहीच.

प्रश्न: केकमध्ये दोन चमचे बदामी लिकर घातली तर अल्कोहोल उडून जातं ना? मुलंही खाणार आहेत.
— एक वाचक, गिरगाव

उत्तर: सगळं नाही. पिठात मिसळून अर्धा तास भाजल्यावरही सुमारे 35 टक्के उरतं. श्रीखंडात किंवा आइसक्रीमवर घातली तर सगळंच. मुलांसाठी बदामाच्या इसेन्सचे दोन-तीन थेंब पुरेत. जास्त झालं की औषधी कडवटपणा येतो. कडू बदाम किंवा जर्दाळूच्या कडू बिया भिजवून घरी अर्क काढायला मात्र जाऊ नका, त्यातून सायनाइड सुटतं.