पहिलं भाषण लिहिताय? आधी शेवट लिहा

पूर्ण भाषण पाठ करू नका. एक वाक्य निसटलं की पुढचं सगळंच कोसळतं. पाठ करायची ती फक्त सुरुवातीची दोन वाक्यं आणि शेवटचं एक. मधल्या भागासाठी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार-पाच शब्द मोठ्या अक्षरात लिहिले की पुरे.

लिहायला मात्र शेवटापासून घ्या. लोकांनी घरी जाताना नेमकं काय लक्षात ठेवायचं, ते एका वाक्यात मांडता येईना तर विषय अजून पिकलेला नाही.

वेळेचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला साधारण 100 ते 120 शब्द धरा. पाच मिनिटांसाठी 500 शब्द भरपूर झाले, कारण हशा, टाळ्या आणि थांबे यांनाही वेळ लागतोच. टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्यांच्या क्लबात पाच ते सात मिनिटांच्या भाषणाला पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा आणि सातव्याला लाल दिवा लागतो. घरी मोबाइलच्या टायमरवर तसाच सराव करा, पण उभं राहून आणि मोठ्याने. मनातल्या मनात केलेला सराव मी तरी सराव मानत नाही.

हात थरथरतात? मग कागद टेबलावरच ठेवा, हातात धरलात तर थरथर समोरच्यालाही दिसते. उभं राहिल्यावर लगेच तोंड उघडू नका. श्वास पूर्ण सोडा, ओळखीचा एक चेहरा शोधा आणि पहिलं वाक्य त्यालाच सांगा. ‘मला फारसं बोलता येत नाही’ ही प्रस्तावना तर कृपा करून नकोच!