घरी झटपट तिखट नूडल्स परतायला घेतल्या की लगदा होतो. काय चुकतं?

बहुतेक वेळा चूक उकडतानाच होते. पाकिटावर जितकी मिनिटं दिली असतील त्याच्या एक मिनिट आधीच गॅस बंद करा. एक नूडल तोडून बघा, मधोमध बारीकसा पांढरा ठिपका दिसायला हवा. लगेच चाळणीत ओतून गार पाण्याखाली धरा, म्हणजे वरचा चिकट स्टार्च धुऊन जातो. मग चमचाभर तेल चोळून ताटात पसरा आणि निथळू द्या. ओल्या नूडल्स परतल्या जात नाहीत, नुसत्या वाफवल्या जातात.

दोघांना 150 ग्रॅम कोरड्या नूडल्स पुरतात. तेवढ्यासाठी 2 चमचे सोया सॉस, 1 चमचा व्हिनेगर, दीड चमचा लाल मिरचीची पेस्ट आणि अर्धा चमचा साखर वाटीत आधीच कालवून ठेवा. साखर वगळू नका, तिखटाची धार थोडी बोथट होते. मीठ शेवटी, तेही चव बघूनच. सोया सॉस मुळातच खारट असतो.

कढई चांगली कडक तापवा. तेल, लसूण, आलं, मग उभ्या चिरलेल्या भाज्या; दोन मिनिटं पुरे. नूडल्स घातल्यावर सॉस कढईच्या कडेने सोडा. चर्र आवाज आला, खमंग वास सुटला की जमलं. चिमट्याने वरखाली करा, डावाने ढवळलं तर तुकडे होतात.

आणि एकदम चौघांच्या टाकू नका. मी टाकल्या होत्या. कढई गार पडली, भाज्यांना पाणी सुटलं. आता दोन खेपांत करते.