उसन्या चाली ऐकायला लागताना

उसन्या चाली ऐकण्यासाठी तुम्ही केलेली गाण्यांची लांबलचक यादी पाहिली, उत्साह आवडला. पण इतकी गाणी एकदम गोळा करू नका. मूळ गाणं आणि त्यावरून घेतलेलं गाणं, अशा पाच-सहा जोड्या निवडा आणि त्याच पुन्हा पुन्हा ऐका.

आधी फरक पक्का करा. अख्खं गाणं नव्यानं गायलं तर कव्हर, जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा तसाच घेतला तर सॅम्पल, आणि सुरावट जुनी पण शब्द नवे असतील तर उसनी चाल. 'छाया' (१९६१) या हिंदी चित्रपटातलं 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा' ऐका आणि लगेच मोत्झार्टची चाळिसावी सिंफनी लावा. सुरुवात चटकन ओळखू येईल. 'छाया'चे संगीतकार सलील चौधरी पुढे कुठे आपली वाट धरतात, ते शोधण्यात खरी गंमत आहे!

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- राग एकच दिसला की 'चाल चोरली' म्हणणं. राग सगळ्यांचा असतो. नेमकी स्वरवाक्यं आणि लय जुळतात का, ते बघा.
- गाजलेलं तेच मूळ समजणं. 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' व्हिटनी ह्यूस्टननं १९९२ मध्ये गायलं, पण ते डॉली पार्टनचं, १९७४ मधलं.
- मधली कडी सोडणं. लेनर्ड कोहेनचं 'हालेलूया' १९८४ चं. जेफ बक्लीनं १९९४ मध्ये गायलं ते जॉन केलच्या १९९१ च्या रूपावरून. तिन्ही सलग ऐकाच.

हक्क आणि रॉयल्टीचा विषय सध्या बाजूला ठेवा. पहिल्या जोडीत काय सापडलं ते मात्र नक्की कळवा.